खतापासून ताणसहनापर्यंत : उपकारक मृदाजिवाणू आणि अवर्षण यांच्या संबंधाचा इतिहास (१८८६ ते २०२१)

१. प्रस्तावना

मराठी शेतकऱ्याच्या बोलीत ‘बेवड’ हा एक अर्थपूर्ण शब्द आहे. आधीच्या पिकाने जमिनीत मागे ठेवलेला गुण वा अवगुण म्हणजे बेवड. हरभरा, तूर, भुईमूग यांचा बेवड पुढील तृणधान्यास मानवतो, हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून सिद्ध झालेले होते. त्यामागचे कारण, म्हणजे कडधान्यांच्या मुळांवरील गाठींत राहून हवेतील नत्र स्थिर करणारे जिवाणू, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील प्रयोगशाळांमध्ये उलगडले. त्यानंतर मृदाजिवाणूंचा शेतीतील उपयोग हे कृषिविज्ञानाचे एक मान्य दालन झाले.

तथापि, याच जिवाणूंपैकी काही पिकास अवर्षणाचा ताण सोसण्यासही साहाय्य करतात, ही जाणीव शास्त्रीय वाङ्मयात स्पष्टपणे उमटण्यास विसाव्या शतकाची शेवटची दोन दशके उजाडावी लागली. गाठींचे रहस्य १८८६ साली उलगडले असताना या दुसऱ्या गुणाकडे लक्ष जाण्यास शंभर वर्षे का लागावीत, हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य प्रश्न आहे. सूक्ष्मदर्शक, संवर्धनपद्धती आणि प्रयोगक्षेत्रे या काळात उपलब्ध होती. त्यामुळे केवळ साधनांच्या अभावाने या विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण होत नाही.

प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, जिवाणूंकडे ‘खत’ म्हणून आणि अवर्षणाकडे ‘पाणी व मशागत’ यांचा प्रश्न म्हणून पाहण्याच्या दोन स्वतंत्र चौकटी या काळात दृढ झाल्या. या चौकटींनी संशोधनाची दिशा, शासकीय मानके आणि शेतकऱ्याच्या अपेक्षा या तिन्हींना आकार दिला. या दोन प्रवाहांचा मागोवा घेणे आणि त्यांच्या संगमातून आजच्या कोरडवाहू शेतीसाठी कोणता बोध मिळतो याची चर्चा करणे, ही या निबंधाची मर्यादित उद्दिष्टे होत.

२. गाठीतील जिवाणू आणि ‘खत’ ही संकल्पना

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बूसँगो यांनी १८३८ च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत द्विदल पिकांमुळे नत्राची वाढ होते असे आढळले होते. उलट इंग्लंडमधील रोदॅमस्टेड येथे लॉज, गिल्बर्ट आणि प्यू यांनी १८५७-५८ साली काटेकोर प्रयोग केले, तेव्हा वनस्पती हवेतील नत्र घेत नाहीत असा निष्कर्ष निघाला. या प्रयोगांत माती तापवून निर्जंतुक केलेली होती, म्हणजे ज्याचा शोध घ्यावयाचा तोच घटक प्रयोगाच्या आरंभीच नष्ट झाला होता. ही विसंगती जर्मनीतील हेलरीगेल यांनी १८८६ साली बर्लिन येथील शास्त्रज्ञांच्या सभेत आपले निष्कर्ष मांडून दूर केली. विल्फार्थ यांच्यासह त्यांचा सविस्तर प्रबंध १८८८ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी हॉलंडमधील बायरिंक यांनी गाठीतील जिवाणू वेगळा करून वाढविला.

या शोधाचे व्यापारात रूपांतर होण्यास दहा वर्षेही लागली नाहीत. नोबे आणि हिल्टनर यांनी जिवाणू संवर्धकाचे एकस्व मिळविले आणि १८९६ साली ‘नायट्राजिन’ या नावाने ते बाजारात आले. नाव नत्रावरून पडले होते. जो काळ कृत्रिम खतांचे गणित मांडण्यात गढलेला होता, त्या काळाने जिवाणूलाही नत्र पुरविणारा एक स्वस्त कारखाना म्हणूनच स्वीकारले. जिवाणूचे मोल त्याने जमिनीत किती नत्र जमा केले यावरून ठरू लागले.

पहिल्या पिढीतील या संवर्धकांचे यश अनिश्चित होते. अमेरिकेत १९०२ च्या सुमारास कृषी खात्यातील मूर यांनी जिवाणू कापसावर सुकवून पाकिटांतून पाठविण्याची पद्धत सुरू केली आणि तिचा मोठा गाजावाजा झाला. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा येथील कृषी प्रयोगकेंद्राने १९०५ साली बाजारातील अशा पाकिटांची तपासणी केली, तेव्हा ती निरुपयोगी ठरली. सुकविण्याच्या आणि साठवणुकीच्या क्रियेत जिवाणू तग धरू शकले नव्हते. पुढे ज्या जिवाणूंकडून पिकांना कोरड सोसण्याचे बळ मिळण्याची अपेक्षा धरली गेली, ते स्वतःच कोरडीला बळी पडतात, हा धडा इतिहासाने इतक्या आरंभीच दिला होता.

३. हिल्टनर यांचा व्यापक प्रश्न

नायट्राजिनचे एक जनक हिल्टनर यांनी १९०४ साली ‘ऱ्हायझोस्फिअर’ ही संज्ञा वापरली. मुळांच्या प्रभावाखालील मातीचा जो पातळ थर, त्यासाठी ही संज्ञा होती. मुळांतून स्रवणाऱ्या द्रव्यांमुळे विशिष्ट सूक्ष्मजीव तेथे आकर्षित होतात आणि वनस्पतीचे पोषण व रोगप्रतिकार या दोन्ही गोष्टी त्या समुदायाच्या घडणीवर अवलंबून असतात, असे त्यांचे म्हणणे होते. येथे जिवाणू हा खताचा पर्याय उरत नाही. तो वनस्पतीच्या आरोग्यातील भागीदार ठरतो.

हिल्टनर यांची संज्ञा टिकली, परंतु तिच्यातील व्यापक प्रश्न दीर्घकाळ मागे पडला. नत्राची वाढ मोजता येत होती, तिचे बाजारमूल्य ठरविता येत होते. मुळांभोवतीच्या समुदायाचे ‘आरोग्य’ मोजण्याचे सोपे परिमाण नव्हते. जे मोजता येते तेच संशोधनात ठळक होते, याचे हे बोलके उदाहरण होय.

४. दख्खनमधील अवर्षण : बांध, कुळव आणि ओल

नायट्राजिन जर्मनीत विक्रीस आले त्याच वर्षी, १८९६ साली, दख्खनमध्ये पावसाने दगा दिला आणि १८९६-९७ चा दुष्काळ पडला. पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ आला. याच काळात मुंबई व पुणे येथे प्लेगचा उद्रेक झाला. सर्वसामान्य मराठी माणसाचा जिवाणूंशी पहिला परिचय झाला तो रोगाचे ‘जंतू’ म्हणून. सूक्ष्मजीव उपकारकही असू शकतात, ही कल्पना रुजण्यास ही पार्श्वभूमी अनुकूल नव्हती, असे म्हणता येईल.

दुष्काळाचा विचार मुख्यतः पाटबंधारे, तगाई आणि दुष्काळी कामे यांच्या अनुषंगाने झाला. शेतीच्या अंगाने तो पुढे नेण्याचे श्रेय मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातील शास्त्रज्ञांना जाते. पुण्याजवळील मांजरी येथे १९२३ साली ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीवरील संशोधनास आरंभ केला. पुढे इंपीरिअल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्चच्या साहाय्याने १९३३ ते १९३५ या काळात सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर आणि रोहतक येथे संशोधनकेंद्रे सुरू झाली. कानिटकर यांचा भारतातील कोरडवाहू शेतीवरील ग्रंथ १९४४ साली प्रसिद्ध झाला. समपातळीवरील बांधबंदिस्ती, काही वर्षांतून एकदा खोल नांगरट, शेणखत, वारंवार कुळवाच्या पाळ्या, कमी बियाणे आणि दोन ओळींत अधिक अंतर, ही ‘मुंबई कोरडवाहू पद्धती’ची सूत्रे होती. या सर्वांचे लक्ष्य एकच होते : पडलेला पाऊस जमिनीत मुरविणे आणि मुरलेली ओल टिकविणे.

त्याच वेळी बिहारमधील पुसा येथे, १९०५ साली स्थापन झालेल्या संशोधनसंस्थेत, कृषी जिवाणुशास्त्राचे स्वतंत्र काम चालू होते. एन. व्ही. जोशी यांचा द्विदल वनस्पतींच्या गाठीतील जिवाणूंवरील अभ्यास १९२० साली प्रसिद्ध झाला आणि तो भारतातील या विषयाचा आरंभ मानला जातो. पुसा येथील जिवाणू आणि सोलापूर येथील ओल हे दोन विषय एकाच देशात, एकाच कृषिव्यवस्थेत अभ्यासले जात होते. तरीही एक ‘पोषण’ या शीर्षकाखाली होता आणि दुसरा ‘मृदासंधारण’ या शीर्षकाखाली. वस्तुतः शेणखताची मात्रा हा दोघांना जोडणारा धागा होता, कारण शेणखताने ओल धरण्याची शक्ती वाढते आणि सूक्ष्मजीवांनाही अन्न मिळते. परंतु कोरडवाहू पद्धतीच्या मांडणीत त्याकडे प्रामुख्याने जमिनीच्या घडणीच्या दृष्टीनेच पाहिले गेले.

५. परिणाम खरा, कारण वेगळे

सोव्हिएत रशियात ‘अझोटोबॅक्टेरिन’ आणि ‘फॉस्फोबॅक्टेरिन’ या जिवाणू खतांचा १९५० च्या दशकात फार मोठ्या क्षेत्रावर वापर झाला. पहिले नत्रासाठी, दुसरे स्फुरदासाठी. मिशुस्टिन आणि नाउमोवा यांनी १९६२ साली या खतांच्या परिणामकारकतेचा आढावा घेतला. उत्पादनातील वाढ माफक आणि अनिश्चित होती. शिवाय जी वाढ दिसत होती, तिचा मेळ स्थिर झालेल्या नत्राच्या प्रमाणाशी बसत नव्हता.

या कोड्याचे उत्तर पुढे रोदॅमस्टेड येथील ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून पुढे आले. अझोटोबॅक्टर हा जिवाणू वनस्पतींच्या वाढीवर प्रभाव टाकणारी संप्रेरकसदृश द्रव्ये निर्माण करतो, असे १९६० च्या दशकात त्यांनी दाखविले. याचा अर्थ असा की, शेतात जो फरक दिसत होता त्याचे श्रेय अनेक वर्षे चुकीच्या कारणाला दिले गेले होते. खताची चौकट इतकी दृढ होती की, वाढ दिसली तर ती नत्रामुळे आणि नत्र आढळले नाही तर प्रयोग फसला, असे दोनच पर्याय अभ्यासकांपुढे राहत. मुळांची वाढ, त्यांची लांबी आणि त्यांवरील केशमुळे यांकडे लक्ष जाणे हे अवर्षणाच्या प्रश्नाकडे वळण्याचे पहिले पाऊल होते.

६. दोन प्रवाहांचा संगम : अझोस्पिरिलम आणि ज्वारी

ब्राझीलमध्ये योहाना डोबेरायनर यांनी गवतवर्गीय वनस्पतींच्या मुळांतील जिवाणूंवर १९७० च्या दशकात केलेल्या संशोधनाने नवी आशा निर्माण केली. मका, ज्वारी, गहू यांनाही कडधान्यांप्रमाणे हवेतील नत्र मिळेल, ही ती आशा होती. १९७८ साली या जिवाणूंना ‘अझोस्पिरिलम’ हे नाव मिळाले. त्याच वर्षी क्लोपर आणि श्रोथ यांनी वनस्पतींच्या वाढीस चालना देणारे मूलपरिसरातील जिवाणू अशा अर्थाची संज्ञा रूढ केली. या संज्ञेत खताचा उल्लेख नव्हता. हिल्टनर यांच्या प्रश्नाकडे विज्ञान पुन्हा वळल्याची ही खूण होती.

अझोस्पिरिलमच्या शेतातील परीक्षणांत इस्रायलमधील ओकोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम विशेष महत्त्वाचे आहे. सारिग, ब्लूम आणि ओकोन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला ज्वारीवरील अभ्यास या इतिहासातील वळणबिंदू मानावा लागेल. जिवाणूंची प्रक्रिया केलेल्या ज्वारीच्या पानांत पाण्याची स्थिती अधिक चांगली राहिली, पिकाच्या पृष्ठभागाचे तापमान कमी राहिले आणि मुळांनी जमिनीच्या अधिक खोल थरांतून ओल घेतली. एकूण ओलीचा उपसा सुमारे १५ टक्क्यांनी अधिक होता. उत्पादनवाढीचे मुख्य कारण म्हणून संशोधकांनी जमिनीतील ओलीच्या चांगल्या वापराकडे बोट दाखविले. नत्राच्या आशेने हाती घेतलेला जिवाणू येथे पाण्याच्या हिशेबात दाखल झाला.

या अभ्यासाचे दख्खनशी नाते सहज लक्षात येते. सोलापूर परिसरातील रब्बी ज्वारी पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवरच वाढते. मात्र या निष्कर्षातच त्याची मर्यादाही दडलेली आहे. खोल थरांत ओल असेल तरच मुळे ती आणू शकतात. खोल काळ्या जमिनीत जे साधेल ते हातभर मातीखाली मुरूम लागणाऱ्या उथळ जमिनीत तितकेच साधेल, असे गृहीत धरता येत नाही. जिवाणूंचा उपयोग सांगताना जमिनीची खोली सांगणे अनिवार्य ठरते, ते यामुळे. बांधबंदिस्तीने मुरविलेली ओल ही या जिवाणूंच्या कार्याची पूर्वअट होय. अर्थात १९३० च्या दशकातील मशागतशास्त्र या नव्या ज्ञानाने कालबाह्य होत नाही, उलट त्याची गरज अधिक स्पष्ट होते.

७. ताणसहनाचे विज्ञान

१९९० च्या दशकापासून या कार्याची यंत्रणा उलगडू लागली. पाण्याचा ताण पडला की वनस्पतीत इथिलीन या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि मुळांची वाढ खुंटते. इथिलीन ज्या द्रव्यापासून तयार होते त्या द्रव्याचे विघटन करणारे विकर काही जिवाणूंमध्ये असते. कॅनडातील ग्लिक व सहकाऱ्यांनी १९९८ साली या क्रियेचे सुसंगत प्रतिमान मांडले. स्वीडनमधील टिमुस्क आणि वाग्नर यांनी १९९९ साली दाखविले की, पेनिबॅसिलस पॉलिमिक्सा या जिवाणूच्या सान्निध्यात अरॅबिडॉप्सिस या प्रयोगवनस्पतीची अवर्षणसहनशक्ती वाढते आणि तिच्या जनुकांच्या कार्यातही बदल होतो.

मायाक, तिरोश आणि ग्लिक यांचा २००४ सालचा प्रयोग अधिक बारकाईने वाचण्याजोगा आहे. इस्रायलमधील अरावा या शुष्क प्रदेशातून मिळविलेल्या जिवाणूची प्रक्रिया केलेली टोमॅटो व मिरचीची रोपे पाण्याचा ताण पडला असता अधिक वाढली. परंतु ताणाच्या काळात रोपांतील पाण्याचे प्रमाण जिवाणूंमुळे बदलले नाही. पाणी पुन्हा मिळाल्यावर रोपे सावरण्याच्या क्रियेत मात्र लक्षणीय सुधारणा दिसली. जिवाणू पाणी निर्माण करीत नाहीत. दोन पावसांमधील खंडात झालेली हानी भरून काढण्याची वनस्पतीची क्षमता ते वाढवितात.

भारतात हैदराबाद येथील केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी २००९ साली सूर्यफुलाच्या रोपांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. स्यूडोमोनास पुटिडा या जिवाणूचा त्यांनी निवडलेला वाण बहुशर्करायुक्त चिकट पदार्थ स्रवतो. त्यामुळे मुळांना चिकटून राहणाऱ्या मातीचे प्रमाण वाढते, मातीच्या कणांची घडण सुधारते आणि मुळांभोवती ओल टिकण्यास साहाय्य होते. कोरडवाहू संशोधनाच्या संस्थेतच जिवाणुशास्त्राने स्थान मिळविले, ही घटना पुसा आणि सोलापूर यांच्यातील जुना दुरावा मिटल्याची निदर्शक आहे.

८. कायदा, पाकीट आणि शेतकरी

विज्ञानाने चौकट बदलली तरी शासकीय व्यवस्थेत ती दीर्घकाळ टिकून राहिली. केंद्र शासनाने १९८३ साली जैविक खतांच्या विकासाचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू केला. २००६ साली खत नियंत्रण आदेशात जैविक खतांचा समावेश झाला. त्यानुसार भुकटीरूप संवर्धकात प्रति ग्रॅम किमान ५ कोटी आणि द्रवरूपात प्रति मिलिलिटर किमान १० कोटी जिवंत जिवाणू असणे आवश्यक ठरले. ग्राहकसंरक्षणाच्या दृष्टीने हे पाऊल निश्चितच स्वागतार्ह होते. परंतु कार्यक्षमतेच्या कसोट्या पाहता, अझोटोबॅक्टरने खर्ची पडलेल्या प्रत्येक ग्रॅम साखरेमागे किमान १० मिलिग्रॅम नत्र स्थिर करावे, अशी अट आढळते. नायट्राजिनच्या काळातील मोजमाप एकविसाव्या शतकातील नियमांतही कायम होते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये याच आदेशात ‘जैवउत्तेजक’ हा नवा वर्ग समाविष्ट झाला. त्याच्या व्याख्येत पोषणमूल्याचा विचार न करता पिकाची ताणसहनशक्ती वाढविण्याचा उल्लेख आहे आणि सूक्ष्मजीवांनाही त्यात स्थान आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमावलीतही अशाच आशयाची तरतूद असून तेथे अझोटोबॅक्टर, ऱ्हायझोबियम, अझोस्पिरिलम आणि मायकोरायझा बुरशी या चारच गटांना मान्यता देण्यात आली. हिल्टनर यांच्या मांडणीनंतर सुमारे ११५ वर्षांनी कायद्याने जिवाणूला खताखेरीज अन्य ओळख दिली, असा याचा ऐतिहासिक अर्थ आहे.

या नव्या ओळखीबरोबर नवी जबाबदारी येते. नत्र न मिळाल्यास शेतकरी पिवळ्या पानांवरून ते ओळखू शकतो. ताणसहनाचा दावा मात्र पडताळणे कठीण असते. पाऊस चांगला झाला तर श्रेय पाकिटाला मिळते आणि पाऊस गेला तर दोष आभाळाला. ओकोन आणि लाबान्देरा-गोन्झालेझ यांनी अझोस्पिरिलमवरील २० वर्षांच्या प्रयोगांचा १९९४ साली आढावा घेतला, त्यात सुमारे ६० ते ७० टक्के प्रयोगांत ५ ते ३० टक्के उत्पादनवाढ आढळली. या आकड्यांची दुसरी बाजू अशी की, दर दहांपैकी तीन-चार प्रयोगांत अपेक्षित लाभ मिळाला नाही. जाणकार संशोधकांच्या देखरेखीखाली ही स्थिती, तर उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात तापलेले पाकीट गुळाच्या द्रावणात कालवून बियाण्यास चोळणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्यास काय मिळेल, हा प्रश्न रास्त आहे. १९०५ सालची जिनिव्हा येथील तपासणी याच कारणास्तव आजही स्मरणीय ठरते.

९. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, मृदाजिवाणू आणि अवर्षण यांच्या संबंधाची जाणीव उशिरा होण्यास साधनांपेक्षा संकल्पनांची चौकट अधिक कारणीभूत होती. जिवाणू ‘खत’ ठरल्यामुळे त्यांचे अन्य गुण मोजलेच गेले नाहीत. दुसरा, जिवाणुशास्त्र आणि कोरडवाहू मशागतशास्त्र हे परस्परपूरक असून खोल जमीन, सेंद्रिय पदार्थ आणि मुरलेली ओल यांच्यावाचून जिवाणूंचे साहाय्य अपुरे पडते. दुष्काळनिवारणाच्या अन्य उपायांना पर्याय म्हणून जिवाणूंकडे पाहणे इतिहासाला धरून होणार नाही. तिसरा, संवर्धकाच्या इतिहासात अपयशाचे एक कारण पुनःपुन्हा आढळते, ते म्हणजे प्रयोगशाळा आणि शेत यांच्यामधील प्रवासात जिवाणूंचा मृत्यू.

यास्तव जैवउत्तेजकांच्या नव्या वर्गासाठी केवळ जिवाणूंची संख्या पुरेशी मानू नये. प्रत्येक दाव्यामागे पावसाचा खंड, जमिनीची खोली आणि पीक यांचा निर्देश असलेली स्थानिक क्षेत्रीय परीक्षणे असावीत व त्यांचे निष्फळ निकालही प्रसिद्ध व्हावेत. सोलापूरसारख्या केंद्रांत कोरडवाहू शेतीच्या दीर्घकालीन संशोधनाची परंपरा आहे. त्या परंपरेच्या कसोटीवर हे जिवाणू घासून पाहिले गेले, तर ‘बेवड’ या शब्दात साठविलेल्या अनुभवाला विज्ञानाची जोड मिळेल आणि पाकिटावर पैसे खर्च करणाऱ्या शेतकऱ्याला आपण नेमके काय विकत घेत आहोत हे कळू शकेल.